घोंगडीच्या आतलं माणूस

माझ्या धाकट्या भावाला चारचौघांत बोलायची वेळ आली की तो आपल्या चपलेचा अंगठा बघत बसतो. लहानपणापासून हे असंच. शाळेत बाईंनी उभं केलं तर उत्तर येत असूनही सांगायचा नाही. पुढं शाळा सुटली आणि वडिलांबरोबर मेंढरं राखायला लागला, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद त्यालाच झाला असावा, कारण मेंढरं कुणाला बोल म्हणत नाहीत.

आमचं गाव गेवराई तालुक्यात, तलवाड्याच्या बाजूचं. थोडी कोरडवाहू जमीन, आणि मुख्य म्हणजे मेंढ्या. मी शिकले, अंबाजोगाईला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला लागले, तिथंच संसार झाला. गावाकडच्या बातम्या फोनवर यायच्या. ही बातमी मात्र फोनवर नाही, आमच्या स्टाफरूममध्ये आली.

कापूस वेचणीचे दिवस होते. मधल्या सुट्टीत एका सहकाऱ्यानं मोबाइल पुढं केला. ‘मॅडम, तुमच्या गेवराईकडचा व्हिडिओ आहे बघा.’ एका रानात बांधावरच्या मोठ्या झाडाला आग्या मोहोळ होतं. घारीनं त्यावर झडप घातली आणि माश्या उठल्या. खाली कापूस वेचणाऱ्या बाया जीव घेऊन रस्त्याकडं पळाल्या. एक म्हातारी मध्येच पडली. रस्त्यावर एक जीप काचा लावून उभी होती आणि आतलं कुणीतरी हे सगळं मोबाइलमध्ये घेत होतं. तेवढ्यात कडेनं एक माणूस आला. डोक्यावरून काळी घोंगडी, तोंडाला रुमाल, नुसते डोळे उघडे. तो म्हातारीजवळ गेला, तिच्यावर घोंगडी टाकली आणि स्वतःही आत शिरला. दोघं जमिनीला चिकटून निपचित पडले. माश्या जरा पांगल्यावर त्यानं म्हातारीला घोंगडीसकट उचललं, पळत जीपपाशी आणलं, दार उघडायला लावून आत बसवलं, घोंगडी काढून घेतली आणि आला तसा रानात निघून गेला. मागं फिरून बघितलंसुद्धा नाही.

स्टाफरूममध्ये सगळे वा वा करत होते. मी गप्प बसले, कारण तो पळत होता तेव्हा त्याचा डावा पाय बाहेर पडत होता. आमच्या भावाला लहानपणी बैलगाडीवरून पडून पाय मोडलेला, तेव्हापासून तो असाच पळतो.

रविवारी गावी गेले. तो मेंढरांच्या वाड्यापाशी बसला होता. दोन्ही हात मनगटापर्यंत सुजलेले.

‘हाताला काय झालं रे?’

‘काटं भरलं.’

‘काटे असे सुजत नाहीत. मी व्हिडिओ बघितलाय.’

त्यानं इकडंतिकडं बघितलं. आई चुलीपाशी होती. ‘आक्का, कुनाला बोलू नको,’ तो म्हणाला.

‘पण का? चांगलं काम केलंस की.’

‘लोक यतील. हार घालतील. चार शब्द बोला म्हनतील. मला न्हाई जमत.’

‘आणि लगेच निघून का गेलास?’

‘मेंढरं पांगली हुती ना! लांडगा हाय त्या अंगाला.’

मी कबूल झाले आणि आजवर तो शब्द पाळलाय. इथं कुणाचं नाव येणार नाही ते त्याच्यामुळंच.

त्या माणसाला नाव दिलं ते जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोरांनी: घोंगडीमॅन. आठवड्याभरात ते नाव तालुक्यात झालं. व्हिडिओला कुणी संगीत लावलं, कुणी त्याच्या डोळ्यांतून उजेड निघताना दाखवला. पोरं आईची गोधडी, बापाचं उपरणं, जे मिळेल ते पाठीवर टाकून गल्लीत धावायला लागली. आमचा भाऊ तिठ्यावरच्या हॉटेलात चहा प्यायला बसायचा आणि शेजारच्या बाकावर त्याचीच चर्चा चाललेली असायची. कुणी म्हणायचं तो माजी सैनिक आहे, कुणी म्हणायचं बीडला पोलिसात आहे. एकानं तर त्यालाच विचारलं, ‘तुमच्याबी घरी घोंगड्या असतील की बे, तुला काय म्हाईत हाय का?’

‘मग तू काय म्हणालास?’ मी विचारलं.

‘म्हनलं, आमच्याकडं सगळे साधेच हायेत.’

हे सांगताना तो हसला. मला वाटतं त्याला त्यात मजा यायला लागली होती. त्यानंतर दोनदा त्यानं घोंगडी पुन्हा त्या कामासाठी अंगावर घेतली. एकदा शेजारच्या गावात कठडा नसलेल्या विहिरीत कुत्रं पडलं होतं, एकदा अंगणवाडीच्या खोलीत नाग निघाला. दोन्ही वेळा तो मेंढरं घेऊन जवळपास होता, आरडाओरडा ऐकला आणि गेला. आता मात्र रुमाल मुद्दाम बांधला. मी विचारलं, ‘कशाला? आता तर माश्या नव्हत्या.’

‘लोकायला तसाच पायजे. उघड्या तोंडानं गेलो असतो तर म्हनले असते, हा तर आपला मेंढरंवाला.’

मला या गोष्टीचं फार कुतूहल वाटायचं. गावी गेले की मी त्याच्या मागं लागायचे. आत कसं वाटतं? भीती वाटत नाही का? तू तोच असतोस की वेगळा कुणी होतोस? मी साहित्य शिकवणारी बाई, मला काहीतरी मोठं उत्तर हवं होतं.

‘गरम हुतं,’ तो म्हणाला. मग बराच वेळ काठीनं मातीत रेघा ओढत राहिला. ‘आन् डोस्क्यात कायच येत न्हाई. एरवी लई यतं. ह्यो काय म्हनंल, त्यो काय म्हनंल. घोंगडी घेतली की निसतं समोरचं दिसतं.’

उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं. सासरच्या मंडळींच्या ओळखीनं परळीला थर्मलमध्ये, म्हणजे वीज केंद्रात, कंत्राटी काम लागलं. मेंढरं वडिलांनी आणि चुलत्यांनी वाटून घेतली. भाऊ आणि त्याची बायको परळीला एका खोलीत राहायला गेले. घोंगडी गावीच राहिली, कारण परळीत तिचं काम नव्हतं. तिथं तो डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून राख वाहून नेणाऱ्या पट्ट्यापाशी उभा राहायचा आणि संध्याकाळी भुवयांसकट पांढरा होऊन घरी यायचा. घोंगडीमॅन संपला, असंच आम्ही दोघांनी धरलं होतं. त्याला वाईट वाटतंय का असं मी एकदा विचारलं. ‘मेंढरांची याद यती,’ एवढंच म्हणाला.

श्रावणात, नागपंचमी नुकतीच झाली होती, त्याचा सकाळीच फोन आला.

‘आक्का, मोबाइल बघितलास का? त्यो मी न्हाई.’

‘कोण तू नाहीस?’

‘घोंगडीमॅन. मी तर इथं परळीत हाय.’

मी व्हिडिओ उघडला. आमच्या गावापासून थोड्या अंतरावरच्या गावातलं शेततळं. अशा तळ्याला आतून प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. पाण्यात पडलेल्या माणसाला पोहता येत असलं तरी त्या गुळगुळीत कागदावरून वर चढता येत नाही. सहावीतली एक मुलगी घसरून आत गेली होती आणि कडेला हात मारत पुन्हापुन्हा खाली सरकत होती. समोरच्या काठावरून कुणीतरी व्हिडिओ काढत होतं. तेवढ्यात बांधावर घोंगडी पांघरलेली, तोंडाला फडकं बांधलेली आकृती आली. बांधाच्या आडोशामुळे कमरेखालचं काही दिसत नव्हतं. त्या आकृतीनं घोंगडी पाण्यात बुडवून कागदावर उतरती पसरली, वरचं टोक स्वतःच्या अंगाखाली दाबून पालथी झोपली आणि हात खाली सोडले. मुलगी त्या लोकरीवर गुडघे टेकत टेकत वर आली.

सुट्टीच्या दिवशी भाऊ अंबाजोगाईला आमच्याकडं आला. आम्ही दोघांनी तो व्हिडिओ कितीदा बघितला कुणास ठाऊक. तो मध्येच थांबवायचा, जवळ धरायचा.

‘ही गाठ बघ, मानेपाशी. मी आशी न्हाई मारत.’ मग पुढं, ‘आन् घोंगडी आधी भिजवली बघ. भिजली की जड हुती, सरकत न्हाई. लोकरीला पकड यती. आक्का, हे मला न्हाई सुचलं असतं. मी येड्यावानी उडी मारली असती आन् दोघंबी आत राह्यलो असतो.’

‘तुला राग येतोय का?’

‘राग कशाचा? पन इचित्र वाटतंय. आपन गावाला गेलतो, घरला कुलूप हुतं, आन् आल्यावर बघावं तर कुनीतरी येऊन घर सारवून गेलंय, आसं.’

कोण असेल, या प्रश्नानं आम्हा दोघांना बेजार केलं. तेवढ्यात त्याच गावातून निरोप फिरला. तिथल्या पुढाऱ्यांनी शाळेच्या मैदानावर सत्कार ठेवला होता. फ्लेक्सवर पुढाऱ्यांचा हात जोडलेला फोटो आणि खाली मजकूर: ‘घोंगडीमॅन यांनी स्वतः उपस्थित राहावे.’ भावानं सुट्टी मागून घेतली. आदल्या दिवशी आम्ही एसटीनं गावी गेलो आणि दुसऱ्या दिवशी चुलत्याची मोटारसायकल घेऊन सत्काराला.

मैदान भरलं होतं. पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला सतरंजीवर. स्टेजवर मधली खुर्ची रिकामी ठेवून तिच्यावर शाल घडी घालून ठेवली होती. वाचलेली मुलगी कडेच्या खुर्चीवर, दोन वेण्या, नवा फ्रॉक. मी बायांत जाऊन बसले. भाऊ मागं लिंबाला टेकून उभा राहिला.

पुढाऱ्यांनी भाषण केलं. मग माइकवर म्हणाले, ‘आता त्या वीरानं पुढं यावं. भ्यायचं काम न्हाई.’

मी वळून भावाकडं बघितलं, मानेनं खूण केली, जा की. त्यानं नकारार्थी मान हलवली. नंतर मला म्हणाला, ‘कशाला जाऊ? त्यो आता मी हाय का?’

मग शिट्ट्या सुरू झाल्या. गर्दीतून एक तरुण आला, अंगावर कोरी करकरीत घोंगडी, तिच्या टोकाला दुकानाची चिठ्ठी लटकत होती. तो स्टेजवर चढतो न चढतो तोच दुसऱ्या बाजूनं आणखी एक आला, जाडजूड, तोंडाला उपरणं. पाठोपाठ तिसरा. टाळ्या आणि हशा एकच झाला. पुढारी हुशार माणूस, ते गोंधळले नाहीत. मुलीला जवळ बोलावून त्यांनी माइक तिच्या तोंडापुढं धरला.

‘बाळ, तूच सांग. यातला तुला वाचवणारा कोन?’

मुलीनं तिघांकडं नीट बघितलं. तोंडाकडं नाही, हातांकडं.

‘यातलं कुनीच न्हाई,’ ती म्हणाली. ‘त्याच्या हाताला मेंदी हुती.’

स्टेजवरच्या तिघांनी आपापले तळवे बघितले. पुढारी हसून म्हणाले, ‘म्हंजे नवरदेव असंल कुनीतरी!’ पुरुषांच्या बाजूला हशा पिकला. पण बायांमधून एक म्हातारी मोठ्यानं बोलली, ‘श्रावनात कुटला नवरदेव?’

बायांकडं कुणी हसलं नाही. नागपंचमीची मेंदी तिथं बसलेल्या जवळजवळ प्रत्येकीच्या हाताला होती, विटून नारिंगी झालेली. माझ्याही होती. मी पाहिलं, माझ्या पुढच्या ओळीत बसलेल्या एका बाईनं दोन्ही हात हळूच पदराखाली घेतले. आणि पदराचं टोक दातांत धरून ती हसू दाबत होती. हातात हिरवा चुडा, काठाची साडी. पुढाऱ्यांच्या घरची धाकटी सून, हे मला शेजारणीनं मघाशीच सांगितलं होतं.

पुढाऱ्यांनी तिघांनाही नारळ देऊन कार्यक्रम आटोपला. शाल खुर्चीवरच राहिली. चहासाठी गर्दी झाली तेव्हा मी त्या बाईच्या मागं शाळेच्या व्हरांड्यात गेले. माझ्यात एवढं धाडस कुठून आलं कळत नाही.

‘कोपराला खरचटलंय तुमच्या,’ मी म्हणाले. ‘शेततळ्याच्या काठाला मुरूम असतो ना.’

तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. ‘तुमी कुठल्या?’

‘तलवाड्याकडची. अंबाजोगाईला शिकवते. मी कुणाला सांगायला आले नाही. मला नुसतं जाणून घ्यायचंय.’

मग ती हलक्या आवाजात बोलायला लागली. माहेर शेतकऱ्याचं. इथल्या घरातल्या बायांनी शेतात जायचं नाही अशी रीत, पण ती देवाला जाते म्हणून निघायची आणि मधूनमधून आपल्याच शेतात फेरी मारून यायची. बायका कामाला जाताना घालतात तसा साडीवर पुरुषी शर्ट, तोंडाला स्टोल. त्या दिवशी पोरीचा आवाज ऐकला.

‘पलीकडं आमचाच गडी उभा हुता. पानी बघून भ्याला, आन् मोबाइल काढून उभा राह्यला. मी तशीच साडीत गेले असते तर व्हिडिओत वळखू आले असते. मग वाड्यात काय झालं असतं, इचारू नका. पत्र्याच्या शेडमधी गड्याची घोंगडी हुती. मधमाश्यांचा व्हिडिओ मी लई बघितलाय. वाटलं, ह्या कपड्यात कुनीबी चालतंय. कुनाची सून, कुनाची लेक, कुनी इचारत न्हाई.’

तेवढ्यात भाऊ दोन कप चहा घेऊन आला. मी म्हणाले, ‘हा माझा भाऊ. परळीला असतो.’ त्यानं तिच्या हातांकडं बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं. मला वाटलं, आता तो चपलेकडं बघेल. पण त्यानं सरळ विचारलं, ‘घोंगडी भिजवायचं कसं सुचलं तुमाला?’

‘धुताना अनुभव हाय ना. ओली घोंगडी फरशीवरून ओढून बघा एकदा.’

‘बरोबर हाय,’ तो म्हणाला, अगदी मनापासून.

मला राहवलं नाही. मी तिला विचारलं, ‘तो पहिला घोंगडीमॅन, मधमाश्यांचा, त्याला भेटावंसं वाटतं का?’

भावानं माझ्याकडं असं बघितलं की मी पुढं एक शब्द बोलले नाही.

तिनं विचार केला. ‘न्हाई बाई. भेटला तर मानूस निघंल. त्याला बायको असंल, भूक लागत असंल, कुनावर तरी डाफरत असंल. मग पुढच्या वेळी मला हिंमत हुयाची न्हाई.’

भाऊ म्हणाला, ‘मधमाश्या असल्या तर मात्र पळू नका. दुहेरी करून डोक्यावरून घ्या, आन् भुईला चिकटून पडा. हात आत. माझे... म्हंजे, हात बाहेर राह्यले तर सुजतात.’

ती त्याच्याकडं बघत राहिली. ‘तुमाला कसं म्हाईत?’

‘मेंढरं राखलीत आमी.’

आतून कुणीतरी सूनबाई म्हणून हाक मारली. तिनं पदर सारखा केला आणि जाताना आधी मला, मग त्याला नमस्कार केला. त्याला केलेला नमस्कार जरा वाकून होता. तिला कळलं का? मी त्यावर अजून विचार करते. भाऊ म्हणतो, न्हाई कळलं. मला खात्री नाही.

परतताना तो मोटारसायकल हळू चालवत होता. मी मागून विचारलं, ‘वाईट वाटलं का रे? इतके लोक होते, आणि तुझं नाव कुणालाच माहीत नाही.’

‘न्हाई गं. बरं वाटलं. मला वाटायचं मी परळीला आलो आन् त्यो मेला. पन त्यो हितंच हाय. आन् माझ्यापेक्षा हुशार हाय.’

त्यानंतर घोंगडीमॅनचे आणखी काही व्हिडिओ आले. काही तिचे असतील, काही आणखी कुणाकुणाचे. एकात तर घोंगडी घेतलेला माणूस चांगला उंच होता. आम्ही दोघंही आता शोधत बसत नाही. पण बघतो जरूर, आणि एकमेकांना फोन करतो.

मागच्या महिन्यात मी परळीला त्यांच्या खोलीवर गेले होते. भावजय भाकरी थापत होती. भाऊ पाण्याच्या टाकीला टेकून बसला होता, अजून राख झटकली नव्हती. बोलता बोलता त्यानं मला सांगितलं, ‘आक्का, हिला सांगितलं मी.’

‘काय सांगितलंस?’

‘पहिला त्यो मी हुतो म्हून.’

भावजयीनं परातीतून मान वर केली आणि हसायला लागली. ‘ताई, तुमीच सांगा. ह्यायला भिताडावरली पाल हाकलता येत न्हाई. मला उठवतात. आन् म्हनं मी घोंगडीमॅन!’

मी भावाकडं बघितलं. मी हो म्हणाले असते तर तिनं विश्वास ठेवला असता. त्यानं डोळ्यांनीच मला राहू दे म्हटलं.

‘बरं, मी नव्हं,’ तो तिला म्हणाला. ‘मंग कसा असंल गं त्यो?’

ती भाकरी तव्यावर टाकून सांगायला लागली. तो कमी बोलणारा असणार. घरी बहुतेक आई एकटीच असेल. जेवायला त्याला तिखट लागत असेल. सांगता सांगता भाकरी करपायला आली, तशी तिनं ती पलटली आणि पुढं सांगायला लागली. भाऊ हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होता, मध्ये मध्ये तिला म्हणत होता, ‘आन् मंग?’